कॅमेरा बदला, पण बोरमाळ मोडून नव्हे!

सदर : कष्टाचा पैसा



कल्याणहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र साधे आहे, पण त्यातला प्रश्न आज आपल्या कितीतरी घरांत बोलला जात असेल. ताई लिहितात, "मुलगा सात वर्षांपासून लग्नाचे, वाढदिवसाचे, जयंतीचे फोटो काढतो. त्याच्याजवळ निकॉनचा डी-७५० कॅमेरा आहे. तो चांगला चालतो. पण आता म्हणतो, सगळ्यांकडे मिररलेस आला, माझा जुना झाला. नवीन घ्यायला दोन लाख लागतील. दीड लाखाचे कर्ज काढू आणि बाकीच्यासाठी तुझी बोरमाळ मोडू. मालक निवृत्त झालेत. मला यातले काही कळत नाही. काय करावे?"

ताई, तुम्हाला यातले कळत नाही असे समजू नका. कॅमेऱ्यातले कळत नसेल, पण पै-पै जोडून तुम्ही संसार उभा केला आहे. या प्रश्नात कॅमेरा निम्मा आहे आणि संसाराचा हिशेब निम्मा. म्हणून आजचे सदर यालाच वाहिले आहे. ताईंच्या चिरंजीवांनी आणि आमच्या वस्त्यांतून कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्या सगळ्या मुला-मुलींनी ते जरूर वाचावे.

हा धंदा हलका समजू नका

आपल्या आजोबा-पणजोबांचे फोटो किती घरांत आहेत? बहुतेकांच्या घरात नाहीत. असला तर गिरणीच्या ओळखपत्रावरचा एखादा, तोही पुसट. फोटो काढणे ही पैसेवाल्यांची गोष्ट होती. ज्यांचे फोटो नाहीत त्यांचा इतिहास नाही, असे पुढे लोक म्हणू लागतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्या सोहळ्याची छायाचित्रे आज आपल्या भिंतींवर आहेत, कारण त्या गर्दीत कोणीतरी कॅमेरा घेऊन उभे होते. आज मंगल परिणय असो, नामकरण असो, विहाराचे उद्घाटन असो, १४ एप्रिलची मिरवणूक असो की ६ डिसेंबरची चैत्यभूमीची रांग असो, ती टिपणारी मुले आपल्याच वस्तीतली आहेत. हा रोजगार आहे आणि समाजाचे दप्तर सांभाळण्याचे कामही आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. त्यांनी आपला पहिला कॅमेरा गहाणवटीच्या दुकानातून विकत घेतला, म्हणजे दुसऱ्याने वापरलेला. १९४२ साली त्यांनी वॉशिंग्टनमध्ये सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या बाईंचा फोटो काढला. मागे अमेरिकेचा झेंडा, बाईंच्या हातात झाडू. तो फोटो जगभर गाजला. १९४८ मध्ये ते 'लाईफ' या बड्या मासिकाचे पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार झाले. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे वर्षानुवर्षे कॅमेऱ्यात टिपले, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. या दोघांची नावे कॅमेऱ्याच्या किमतीमुळे झालेली नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. याचा अर्थ हत्यार कसेही चालते असा नाही. सुताराला धारदार रंधा लागतोच. तेव्हा आता हत्याराकडे वळू.

आरसा म्हणजे काय आणि तो गेला कसा?

ताईंच्या मुलाकडे आहे तो डीएसएलआर. या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे एक आरसा तिरपा, ४५ अंशांत बसवलेला असतो. भिंगातून आलेला उजेड आरशावर आपटून वर जातो, तिथल्या काचेच्या लोलकातून वळून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि उजेड मागच्या सेन्सरवर पडून फोटो उमटतो. 'खटॅक' असा जो आवाज येतो तो याच उठाबशीचा.

मिररलेस म्हणजे ज्यात हा आरसा नाही तो. भिंगातला उजेड सरळ सेन्सरवर पडतो. सेन्सर जे पाहतो तेच आपल्याला मागच्या पडद्यावर किंवा डोळा लावायच्या खिडकीतल्या छोट्या पडद्यावर दिसते. आरशाची खोली गेली म्हणून कॅमेरा चपटा झाला. कॅननच्या जुन्या पद्धतीत भिंगाची बैठक आणि सेन्सर यांत ४४ मिलिमीटर अंतर होते, ते नव्या पद्धतीत २० झाले. निकॉनचे ४६.५ चे १६ झाले. सारी करामत एवढ्या जागेची आहे.

हे काल-परवा झालेले नाही. २००८ साली पॅनासॉनिकने जी-१ नावाचा असा पहिला छोटा कॅमेरा आणला. तेव्हा व्यावसायिक लोक त्याला खेळणे म्हणत. २०१३ मध्ये सोनीने मोठ्या सेन्सरचे ए-७ काढले. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन या दोन्ही मातब्बर कंपन्या याच वाटेला आल्या. २०२० साली असोसिएटेड प्रेस या जागतिक वृत्तसंस्थेने आपल्या छायाचित्रकारांसाठी सोनीचे मिररलेस घेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जपानी कंपन्यांनी जगात पाठवलेल्या कॅमेऱ्यांत मिररलेसचा आकडा सुमारे २९ लाख झाला आणि डीएसएलआर सुमारे २४ लाखांवर राहिला. कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर नवे डीएसएलआर आणणे जवळपास थांबवले आहे. पेन्टॅक्स ही एक कंपनी तेवढी आरशाला धरून राहिली.

कंपन्यांनी असे का केले? मोबाईलने त्यांचा बाजार खाल्ला. २०१० मध्ये सगळ्या प्रकारचे मिळून १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाहेर पडले होते, २०२० मध्ये ते ९० लाखांच्या आत आले. एवढ्या आटलेल्या धंद्यात दोन-दोन पद्धतींची यंत्रे बनवणे परवडत नाही. जुना कॅमेरा वाईट ठरला म्हणून तो मागे पडला, असे नाही. एवढे समजले की मनातली निम्मी भीती जाते.

फायदा कुठे आहे?

फायदा आहेच, तो नाकारून चालणार नाही. आपल्याच लग्नाचे उदाहरण घेऊ. आपल्या मंगल परिणयात वधू पांढऱ्या साडीत, वर पांढऱ्या कपड्यांत, मागे पांढरा पडदा आणि मेणबत्त्या. कॅमेऱ्याचे उजेडमापक इतके पांढरे पाहून फसते आणि फोटो काळपट काढते. साडी राखाडी दिसते, चेहरे काळोखात जातात. अनुभवी माणूस आपल्या हाताने उजेड वाढवतो. डीएसएलआरच्या खिडकीत मात्र हे आधी दिसत नाही, फोटो काढल्यावर मागे पाहावे लागते. मिररलेसमध्ये फोटो कसा येणार ते बटण दाबण्याआधीच दिसते. मंगल परिणयात वर-वधू एकमेकांना हार एकदाच घालतात, पुन्हा घाला म्हणता येत नाही. तिथे या सोयीचे मोल आहे. फ्लॅश वापरत असाल तर मात्र आधी दिसणारे चित्र खरे नसते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट डोळ्याची. नवे मिररलेस माणसाचा डोळा शोधून फोकस धरून ठेवतात. माणूस चालला, वळला, तरी सोडत नाहीत. कमी उजेडाच्या हॉलमध्ये आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांच्या गर्दीत याचा मोठा उपयोग होतो.

तिसरी गोष्ट शांततेची. विहारात भंतेजी त्रिसरण-पंचशील देत आहेत, सारे हात जोडून बसले आहेत आणि मधेच 'खटॅक, खटॅक' चालू आहे, हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. मिररलेस मुका करता येतो. वंदनेत, जलदान विधीत, कोणाच्या अंत्ययात्रेत ही शांतता म्हणजे अदब आहे.

चौथी गोष्ट व्हिडिओची. आज लोक अल्बमबरोबर व्हिडिओही मागतात आणि मोबाईलवर टाकायचे तुकडेही मागतात. डीएसएलआरमध्ये व्हिडिओ चालू केला की आरसा वर अडकतो आणि खिडकीत अंधार होतो, मागच्या पडद्यावर बघूनच काम करावे लागते. डी-७५० सारख्या कॅमेऱ्यात त्या वेळी फोकसही रेंगाळतो. मिररलेसमध्ये दोन्ही कामे एकाच खिडकीतून होतात. ज्याचे निम्मे काम व्हिडिओचे आहे त्याला बदल लवकर करावा लागेल, हे मान्यच.

राहिले वजन. 'छोटा आणि हलका' अशी जाहिरात असते. तराजूत घालून पाहू. बॅटरी-कार्डासह निकॉन डी-७५० भरतो सुमारे ८४० ग्रॅम, निकॉन झेड-६ भरतो ६७५. २४-७० चे भारी भिंग जुने १,०७० ग्रॅमचे, नवे ८०५ चे. म्हणजे जोडीत ४३० ग्रॅम वाचले. दहा-बारा तास मान आणि खांदा झिजवणाऱ्याला हे कळते. कॅननमध्ये पाहा. ५-डी मार्क ४ भरतो ८९०, आर-६ भरतो ६८०, पण २४-७० चे नवे भिंग ९०० ग्रॅम, जुने ८०५! म्हणजे कॅमेऱ्यात २१० वाचले आणि त्यातले ९५ भिंगाने परत घेतले. मोठे भिंग मोठेच राहते. म्हणून हलकेपणासाठी पैसे मोजण्याआधी कॅमेरा आणि भिंग मिळून वजन पाहावे.

इथे आणखी एक सांगतो. हलका कॅमेरा आला, आता मुलींनाही जमेल, असे कोणी म्हटले तर त्याला होमाई व्यारावाला यांचे नाव सांगा. भारताच्या या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या आणि साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन दिल्लीत सायकलवरून कामाला जात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. मुलींना अडवले ते वजनाने नव्हे, घरच्या आणि समाजाच्या नजरेने. हळदीला, बाळंतिणीच्या घरी, नामकरणाला बायका-मुलींमध्ये वावरणारी छायाचित्रकार मुलगीच असली तर सगळ्यांना मोकळे वाटते. हे काम आपल्या मुलींनी घेण्याजोगे आहे.

तोटा कुठे आहे?

दुकानदार फायदा सांगतो, तोटा आपण विचारायचा असतो.

पहिला तोटा बॅटरीचा. मिररलेसचा पडदा सतत चालू असतो. कंपन्यांच्या ठरलेल्या चाचणीत डी-७५० एका बॅटरीवर १,२३० फोटो देतो, झेड-६ देतो ३१०. प्रत्यक्षात दोन्ही त्याहून जास्त चालतात, पण मिररलेस मागेच राहतो. लग्नाला तीन-चार बॅटऱ्या जवळ हव्यात. त्यांचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत लिहिलेला नसतो.

दुसरा तोटा मुक्या पद्धतीचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाईट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मिचमिचतात. डोळ्याला कळत नाही, पण आवाज बंद करून फोटो काढला की त्यात आडवे काळे-पिवळे पट्टे येतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवला तर पट्टे बरेच कमी होतात. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांत मुक्या पद्धतीत फ्लॅश चालत नाही. म्हणून वंदनेला मुका आणि स्टेजवर नेहमीचा, अशी सवय लावून घ्यावी लागते.

तिसरा तोटा धुळीचा. आरसा नसल्याने भिंग काढले की सेन्सर बऱ्याच मॉडेलांत उघडा पडतो. जयंतीच्या मिरवणुकीत निळा गुलाल उडत असताना भिंग बदलले तर सेन्सरवर निळे ठिपके बसलेच म्हणून समजा. मिरवणुकीत एकच भिंग लावून निघावे, बदलायचे असेल तर बंद खोलीत, कॅमेरा खाली तोंड करून बदलावे.

चौथा तोटा जुन्या भिंगांचा, आणि यात मोठी रक्कम बुडते. जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्याला जोडण्यासाठी अॅडॅप्टर मिळतो. कॅननची जुनी ईएफ भिंगे अॅडॅप्टरवर चांगली चालतात. निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरवर 'एएफ-एस' लिहिलेली भिंगे चालतात. पण ५० मिलिमीटरचे ते स्वस्त आणि मस्त 'डी' भिंग, जे आपल्या कितीतरी मुलांकडे आहे, त्याचा फोकस आपोआप होत नाही, हाताने फिरवावा लागतो. कारण त्या भिंगात मोटर नाही, ती डी-७५० च्या अंगात होती आणि त्या अॅडॅप्टरात नाही. हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

पाचवा तोटा कार्ड आणि संगणकाचा. निकॉनच्या पहिल्या झेड-६ मध्ये आणि कॅननच्या पहिल्या ईओएस-आर मध्ये कार्डाची एकच खाच आहे. लग्नाच्या कामाला दोन खाचा असाव्यात. एक कार्ड बिघडले तरी दुसऱ्यावर फोटो राहतो. कोणाच्या लेकीचे लग्न दुसऱ्यांदा लागत नाही. २०२० च्या झेड-६ मार्क २ आणि आर-६ मध्ये दोन खाचा आहेत. शिवाय कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइली लाईटरूम ६ सारखी जुनी सॉफ्टवेअर उघडत नाहीत. मोठे व्हिडिओ जुन्या संगणकाला झेपत नाहीत. कॅमेऱ्यामागून संगणक आला, हार्डडिस्क आली.

आणि आता मुख्य गोष्ट. डी-७५० चा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे, झेड-६ चाही २४ चाच. १२ बाय १८ इंचाच्या उत्तम छपाईला १९ मेगापिक्सेलच्या आसपास लागतात. म्हणजे अल्बम उघडणाऱ्या वरमाईला दोन्ही कॅमेऱ्यांतला फरक दिसणे कठीण. तिला दिसते ते आपल्या लेकीचा चेहरा नीट आला की नाही ते. यावरून एक बोच बोलून दाखवतो. आपल्या मुलींचे सावळे चेहरे संगणकावर पांढरे करून देण्याची खोड पुष्कळ फोटोवाल्यांना लागली आहे. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी गोऱ्या बाईचा फोटो असलेले कार्ड पाठवत असे, म्हणजे गोरा रंग हेच माप धरलेले! ते माप आपण का चालवावे? सावळा चेहरा सावळाच, पण तेजदार दिसेल असा उजेड कुठून घ्यावा हे शिकायला दोन लाख लागत नाहीत. खिडकीजवळ उभे करण्याची अक्कल आणि एक बरा फ्लॅश एवढ्यावर ते जमते.

आता वही काढू

आम्ही कारकून मंडळी शेवटी वहीवरच विश्वास ठेवतो. समजा दीड लाखाचे कर्ज, व्याज वर्षाला १४ टक्के, मुदत ३ वर्षे. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ५,१२७ रुपये. ३६ हप्त्यांत मिळून सुमारे १,८४,५०० भरावे लागतात. म्हणजे व्याजच ३४,५०० च्या घरात.

समजा मुलगा वर्षाला २० मोठी कामे करतो आणि प्रवास, मदतनीस, अल्बम असा खर्च वजा जाता एका कामामागे ६,००० हातात राहतात. वर्षाचे झाले १,२०,०००. हप्ते वर्षाला ६१,५२४. म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई हप्त्यात गेली. आपल्याकडे मुहूर्त पाहत नाहीत हे खरे, पण सुट्टी आणि हॉल पाहून लग्ने उन्हाळ्यातच जास्त होतात. हप्ता मात्र भर पावसाळ्यातही ठरल्या तारखेला येतो.

म्हणून मुलाला एकच प्रश्न विचारा : "हा कॅमेरा आल्यामुळे वर्षाला ११ कामे वाढतील का?" कारण ६१,५२४ ला ६,००० ने भागले की १० च्या वर येतात, म्हणजे ११ कामे जादा मिळाली तरच हप्ता नव्या कमाईतून जाईल. "हो, व्हिडिओची एवढी कामे मी सोडून देतो आहे, ही त्यांची यादी," असे तो वहीतून दाखवू शकला तर त्याची मागणी रास्त आहे. "सगळ्यांकडे आहे म्हणून," एवढेच उत्तर असेल तर थांबा.

जुन्या कॅमेऱ्याची आयुर्मर्यादाही मोजता येते. डी-७५० चे शटर दीड लाख वेळा उघडझाप करून तपासलेले आहे. एका लग्नात २,००० वेळा बटण दाबले तर ती ७५ लग्ने झाली. तुमच्या मुलाच्या कॅमेऱ्याचे किती झाले ते मोजता येते, त्याला शटर काउंट म्हणतात. आकडा जवळ आला असेल तर बदलाची तयारी हवी. दूर असेल तर घाई कशाला? मात्र नवे डीएसएलआर निघत नसल्याने पुढे सुटे भाग मिळणे अवघड होत जाईल, हेही खरे. कधीतरी बदलावे लागेलच. ते कधी आणि कशातून, एवढे आपल्या हातात आहे.

मग करावे काय?

बुद्धांनी राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला उपदेश केला, त्यात कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग धंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे अंदाजपत्रक आजही चालते. ताई, तुमची बोरमाळ हा तो चौथा भाग आहे. मालकांच्या आजारपणाचा, सुनेच्या बाळंतपणाचा. धंद्याचे भांडवल धंद्यातल्या दोन भागांतून उभे राहावे, चौथ्या भागाला हात लावू नये. बोरमाळ मोडू नका, हे माझे स्पष्ट उत्तर आहे.

मुलासाठी पायऱ्या अशा. पहिली, विकत घेण्याआधी एक मिररलेस एका लग्नापुरता भाड्याने आणावा. मुंबई-पुण्यात दिवसाच्या भाड्याने कॅमेरे मिळतात. आपल्या हाताला, आपल्या भिंगांना तो मानवतो का ते कळेल. दुसरी, मोठे व्हिडिओचे काम आले की त्याच कामाच्या पैशातून भाडे भरावे. अशी कामे वाढू लागली म्हणजे कॅमेऱ्याची गरज सिद्ध झाली. तिसरी, जुना कॅमेरा आणि चालणारी भिंगे ठेवून फक्त मिररलेसचा बॉडी आणि अॅडॅप्टर घ्यावा. जुना कॅमेरा दुसरा म्हणून लग्नात कामी येतो. चौथी, दोन-तीन मित्रांनी मिळून एक घेतला तरी चालेल, पण कोणाचा दिवस कोणता आणि मोडला तर खर्च कोणाचा, हे आधी कागदावर लिहून सह्या कराव्यात. मैत्री टिकते.

वापरलेला घेण्यात कमीपणा नाही. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकाने आहेत, इतर शहरांतही जुन्याचा व्यवहार होतो. घेताना मूळ बिल पाहावे, बिलावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या अंगावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, शटर काउंट विचारावा. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहिला की सेन्सरवरचे डाग दिसतात. दोन्ही खाचांत कार्ड घालून पाहावे. नवा घेताना बिलाशिवाय स्वस्त देणाऱ्यापासून सावध राहावे, वॉरंटीच्या वेळी तो ओळख दाखवत नाही. 'बिनव्याजी हप्ते' म्हणणाऱ्याला रोखीचा भाव विचारावा आणि प्रोसेसिंग फी किती ते लिहून घ्यावे. व्याज तिथेच लपलेले असते.

कर्ज काढायचेच ठरले तर बँकेतून काढावे. २०१५ पासून मुद्रा योजना आहे. तारण न देता शिशु गटात ५०,००० पर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मागता येते. १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी कोणती योजना चालू आहे, याची चौकशी स्वतः जाऊन करावी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, कॅमेऱ्याचे कोटेशन आणि आधी केलेल्या कामांची वही बरोबर न्यावी. धंद्याची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. महिला बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्समधून आईच्या नावावर कर्ज उचलून मुलाला कॅमेरा देऊ नये. हप्ता चुकला की वसुलीवाला मुलाच्या स्टुडिओत जात नाही, आईच्या दारात येऊन बसतो. शेजारच्या गटातल्या बायकांचेही नाते तुटते. ज्याचा धंदा त्याची सही, हा नियम घराघरात पाळला जावा.

तरुण मित्रांनो, तुमची उमेद मोडावी म्हणून हे लिहिलेले नाही. आरशाचा कॅमेरा जाणार आणि आरशाविनाचा राहणार, हे दिसतेच आहे. तुम्ही तो घ्याल, घ्यायलाच हवा. फक्त आधी सहा महिने कामाची वही ठेवा. तारीख, काम, मिळकत, खर्च, आणि व्हिडिओ नसल्याने हातची गेलेली कामे, असे पाच रकाने. सहा महिन्यांनी ती वही आईसमोर ठेवा. ताई, तुम्हाला वाचता आली तर स्वतः वाचा, नाही तर नातीकडून वाचून घ्या. वहीतले आकडे जुळले तर मुलाला आनंदाने होकार द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!